डोंगराची पत : दार्जिलिंगचा चहा

दिवाळीच्या दिवसांत किंवा एखाद्या मंगलकार्याच्या निमित्ताने घरी ज्या भेटवस्तू येतात, त्यांत कधीतरी दार्जिलिंग चहाचा एक सुबक डबा असतो. घरात त्याचे कौतुक होते, किमतीचा अंदाज बांधला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा मोठ्या उत्सुकतेने चुलीवर चढतो. पातेल्यात पाणी, त्यात साखर, मग चहा, मग दूध. आले वर्ज्य असलेल्या आपल्या अनेक घरांत गवती चहाची पात, वेलदोडा किंवा चिमूटभर सुंठही त्यात पडते. दोन-तीन उकळ्या फुटतात, चहा गाळला जातो आणि पहिल्याच घोटाला सर्वांची निराशा होते. रंग फिकट, चव पाणचट, कडकपणा नावाला नाही. ‘एवढा महाग चहा आणि काही दमच नाही’ असा निकाल लागतो आणि तो डबा फळीवर मागे सरकवला जातो.

येथे दोष चहाचा नाही आणि चहा करणाऱ्या गृहिणीचाही नाही. ज्याची ओळखच झालेली नाही, अशा पाहुण्याला आपण आपल्या घरच्या रीतीने बसवले, इतकेच. आपण रोज पितो तो दाणेदार चहा बहुतांशी आसाम, उत्तर बंगालचा सखल प्रदेश किंवा दक्षिणेतील डोंगर यांतून येतो. पाने यंत्रात चुरून, फाडून आणि गोल वळवून तो तयार होतो. दुधासाखरेला पुरून उरणारा कडक अर्क देणे हेच त्याचे काम असते. दार्जिलिंगचा चहा वेगळ्या डोंगरावर, वेगळ्या जातीच्या झुडपावर आणि वेगळ्या हेतूने वाढतो. तो डोंगर, ते झुडूप आणि ती पाने खुडणारे हात यांची ओळख करून घेतली, तर फळीवरचा तो डबा पुन्हा पुढे घ्यावासा वाटेल.

वज्राचे स्थान

पश्चिम बंगालचा नकाशा पाहिला, तर त्याचा उत्तरेकडील एक चिंचोळा भाग थेट हिमालयात शिरलेला दिसतो. पश्चिमेस नेपाळ, उत्तरेस सिक्कीम. सिलिगुडीच्या मैदानातून रस्ता वर चढू लागला, की दीड-दोन तासांत ताडा-केळीच्या वनस्पती मागे पडतात आणि देवदारासारख्या उंच वृक्षांच्या रांगा सुरू होतात. कर्सियांग, सोनादा, घुम अशी गावे ओलांडून दार्जिलिंग येते. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवरचे हे शहर. आकाश निरभ्र असेल तेव्हा समोर ८,५८६ मीटर उंचीचे कांचनगंगा शिखर उभे असते. जगातील तिसऱ्या क्रमांकाचे हे शिखर. मात्र निरभ्र आकाश हा येथे नियम नसून भाग्ययोग आहे. ढग आणि धुके हीच येथील रोजची हवा, आणि चहाला तीच मानवते.

‘दोर्जे’ म्हणजे वज्र आणि ‘लिंग’ म्हणजे स्थान. येथील टेकडीवर असलेल्या एका बौद्ध मठावरून हे नाव पडले. १८३५ साली सिक्कीमच्या राजाने हा डोंगर ईस्ट इंडिया कंपनीला दिला. मैदानातील उन्हाळ्याने आणि तापाने हैराण झालेल्या इंग्रज अंमलदारांसाठी व सैनिकांसाठी हवा पालटण्याचे ठिकाण उभारावे, हा कंपनीचा हेतू होता. चहाचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल हे येथील अधीक्षक. त्यांनी १८४१ साली आपल्या निवासस्थानाच्या बागेत चहाच्या बिया लावून पाहिल्या. कुमाऊंच्या रोपवाटिकेतून आलेले ते बी मूळचे चिनी जातीचे होते. एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत ते टिकेल की नाही, याविषयी शंका होती. पण झाडे तगली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत प्रयोगाचे रूपांतर धंद्यात झाले. १८५६ च्या सुमारास आलुबारी येथे मळा उभा राहिला आणि १८५९ मध्ये मकाईबारी येथे कारखाना. ही नावेच पाहा. आलुबारी म्हणजे बटाट्याचे वावर आणि मकाईबारी म्हणजे मक्याचे शेत. चहा येण्यापूर्वी या उतारांवर काय पिकत असे, त्याची आठवण या नावांनी जपून ठेवली आहे.

वाढीचा वेग विलक्षण होता. १८६६ साली येथे ३९ मळे होते. १८७४ साली ते ११३ झाले. माल उतरवण्यासाठी आधी गाडीरस्ता आणि १८८१ साली छोटी रेल्वे आली. दोन फूट रुंदीच्या रुळांवर वळसे घेत, मागे-पुढे होत डोंगर चढणाऱ्या या गाडीला १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज पर्यटक तिच्याकडे खेळणे म्हणून पाहतात. ती आली तेव्हा मात्र तिने चहाच्या पेट्या उतरवल्या आणि तांदूळ, मीठ, यंत्रे वर चढवली.

चीनचे झुडूप, नेपाळचे हात

जगातील सर्व खरा चहा एकाच वनस्पतीपासून होतो. पण तिच्या दोन मुख्य जाती आहेत. आसामची जात मोठ्या पानांची, उष्ण व दमट हवेत झपाट्याने वाढणारी. चीनची जात लहान पानांची, काटक, थंडी सोसणारी आणि अतिशय सावकाश वाढणारी. दार्जिलिंगच्या उंच उतारांवर मुख्यत्वे ही चिनी जात आणि तिच्यापासून निवडलेली रोपे दिसतात. यांतील कित्येक झुडपे शंभर वर्षांहून जुनी आहेत. ज्या झुडपाचे पान आज खुडले जाते, ते खुडणाऱ्या बाईच्या पणजीनेही त्याच झुडपाचे पान खुडले असणे येथे अशक्य नाही.

सावकाश वाढणे हा व्यापाराच्या दृष्टीने तोटा आहे. येथे हेक्टरी सरासरी चारशे किलोंच्या आसपास तयार चहा मिळतो. आसामच्या मैदानात त्याच्या कितीतरी पट. परंतु थंड रात्री, उन्हाळी दुपार, वारंवार येणारे धुके आणि पाणी न साठू देणारा तीव्र उतार या सर्वांत जे पान हळूहळू वाढते, त्याच्यात सुगंधी द्रव्ये दाट होतात. आपल्याकडे जिरायती जमिनीतल्या ज्वारीची किंवा डोंगरउतारावरच्या तांदळाची चव बागायती पिकाला येत नाही, असे जुने शेतकरी म्हणतात. तशातलाच हा प्रकार. पीक कमी येण्याचे जे कारण, तेच चव येण्याचेही.

झुडूप चीनचे आणि भांडवल इंग्रजांचे; पण डोंगर फोडून ज्यांनी मळे घडवले, ते लोक मुख्यत्वे पूर्व नेपाळातून आले. दार्जिलिंग कंपनीकडे आले तेव्हा येथे जेमतेम शंभर माणसे असल्याची नोंद आहे. १८४९ पर्यंत कॅम्पबेल यांच्या हिशेबाने ही संख्या दहा हजारांवर गेली. राई, लिंबू, तामांग, गुरुंग, मगर अशा अनेक समाजांचे लोक येथे आले आणि नेपाळी भाषेने एकत्र बांधले गेले. चहाच्या झाडाला सोने लागते, असे सांगून भरती करणाऱ्यांनी माणसे आणली, ही म्हण त्या डोंगरांत आजही ऐकू येते. सोने खरोखरच लागले. ते कोणाच्या ओंजळीत पडले, हा पुढचा प्रश्न.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज मालक हळूहळू बाहेर पडले आणि बहुतेक मळे कोलकात्यातील भारतीय व्यापारी घराण्यांकडे आले. त्यांत राजस्थानातून पूर्वेकडे गेलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. मैदानातून धान्य, कापड आणि मीठ घेऊन डोंगर चढलेल्या मारवाडी दुकानदारांची पेढी दार्जिलिंग, कर्सियांग आणि कालिम्पाँग यांच्या बाजारपेठांत फार जुनी आहे.

वर्षाचे चार बहर

हापूसचा हंगाम एकदा येतो आणि संपतो. दार्जिलिंगच्या चहाला मात्र वर्षात चार बहर येतात, आणि एकाच झुडपाचा चहा चारही वेळा निराळा असतो.

हिवाळ्यात झुडपे झोपलेली असतात. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पहिली सर येते आणि फांद्यांच्या टोकांना कोवळी, पोपटी पालवी फुटते. हा पहिला बहर साधारणपणे एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो. त्याचा चहा फिकट सोनेरी, फुलांच्या गंधाचा, जिभेला किंचित तुरट. जर्मनी, जपान अशा देशांतील ग्राहक त्याची वाट पाहत असतात आणि आरंभीचे नग विमानाने रवाना होतात.

मग झुडपे थोडी विसावतात आणि मे-जूनमध्ये दुसरा बहर येतो. आता पान अधिक भरदार असते. चहाचा रंग तांबूस मधासारखा होतो आणि त्याला पिकलेल्या द्राक्षाची आठवण करून देणारा एक विशिष्ट सुगंध येतो. व्यापारात त्याला ‘मस्कटेल’ म्हणतात आणि दार्जिलिंगची खरी कीर्ती या गंधावर उभी आहे. या गंधामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. या दिवसांत मळ्यात हिरवे तुडतुडे आणि फुलकिडे येतात व कोवळ्या पानांतील रस शोषतात. पाने कडांनी पिवळी पडून आक्रसतात. कोणताही शेतकरी हे पाहून औषधाचा पंप शोधेल. परंतु या दंशाला उत्तर म्हणून झाड आपल्या पानांत जी संरक्षक द्रव्ये निर्माण करते, त्यांतूनच हा सुगंध जन्मतो. पिकाचा थोडा भाग किड्याला जातो आणि उरलेल्याचे मोल वाढते. सर्व किडे मारून टाकले, तर गंधही जाईल. येथील बऱ्याच मळ्यांनी सेंद्रिय शेती स्वीकारली आहे. जीवमात्राला आपल्या वाट्याचे थोडे देऊन उरलेल्यात संपन्न होण्याचा हा धडा कोणी प्रवचनात सांगितला असता, तर दृष्टांत म्हणून सोडून दिला असता. येथे तो बाजारभावात दिसतो.

जुलै ते सप्टेंबर हा पावसाळी बहर. पाऊस धो धो कोसळतो, पाने भराभर वाढतात, चहा गडद होतो पण नाजूकपणा हरवतो. हा माल बहुधा मिश्रणांत आणि पुड्यांत जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ होते आणि शेवटचा, शरदाचा बहर येतो. तांब्याच्या रंगाचा, गोलाईदार चवीचा हा चहा संख्येने थोडा, पण जाणकारांना प्रिय. त्यानंतर छाटणी होते आणि झुडपे पुन्हा झोपी जातात.

एका रात्रीची कारागिरी

खुडणीचा नियम साधा वाटतो : दोन पाने आणि एक कळी. तिसरे पान घेतले तर चहा जाडाभरडा होतो, फक्त कळी घेतली तर पोट भरत नाही. एक किलो चहा तयार होण्यास सुमारे साडेचार किलो ओली पाने लागतात, म्हणजे ढोबळमानाने वीस हजारांच्या आसपास कोंब. त्यांतील प्रत्येक कोंब वेगळा पाहून, वेगळा चिमटून तोडलेला असतो. उतार इतका तीव्र असतो की यंत्राला येथे फारसे काम नाही. पाठीवर बांबूची शंकूच्या आकाराची टोपली, तिला ‘डोको’ म्हणतात. तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, त्याला ‘नामलो’. दोन्ही हात मोकळे, आणि पाय ओल्या मातीत घट्ट रोवलेले.

पाने त्याच दिवशी कारखान्यात पोहोचावी लागतात. तेथे ती जाळीच्या लांब हौद्यांवर पसरतात आणि खालून हवा सोडतात. रात्रभर, चौदा ते सोळा तास, पाने कोमेजत राहतात आणि त्यांतील पाण्याचा अर्ध्याहून अधिक भाग निघून जातो. पहाटे अनुभवी माणूस मूठभर पाने हातात दाबतो, सोडतो, हुंगतो. पान तुटता कामा नये आणि कडकही राहता कामा नये. हा क्षण घड्याळ सांगत नाही. तो हाताला आणि नाकाला कळावा लागतो. मग यंत्राच्या गोल पाटावर पाने हलक्या दाबाने वळली जातात. पेशी फुटतात, रस हवेला लागतो आणि सफरचंदाची फोड जशी तांबूस होते, तशी पाने रंग बदलू लागतात. पहिल्या बहरात ही क्रिया थोडक्यात आटोपतात, म्हणून तो चहा हिरवट दिसतो. दुसऱ्या बहरात तिला अधिक वेळ देतात. योग्य वास येताच गरम हवेच्या भट्टीत पाने वाळवतात आणि तो वास तेथेच बंदिस्त होतो. उरते ती चाळणी आणि निवड : सबंध पान, तुटके पान, कणी आणि भुकटी.

शेवटी चाखणीकार येतो. एकाच मापाचे कप, प्रत्येकात अडीच ग्रॅम चहा, पाच मिनिटांची वेळ. चमच्याने घोट सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि टाकून द्यायचा. कालच्या रात्रीत कोठे घाई झाली, हे त्या एका घोटात उघडे पडते.

नावाची पत

आपल्या वाचकांत व्यापारी कुटुंबे पुष्कळ आहेत. पत म्हणजे काय आणि ती कशी जाते, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

भारतात वर्षाला तेराशे कोटींच्या नव्हे, तर १३० कोटी किलोंच्या घरात चहा पिकतो. त्यांत दार्जिलिंगचा वाटा अलीकडे साठ लाख किलोंच्या आसपास, म्हणजे शंभर किलोंत अर्धा किलोही नाही. एकेकाळी तो याच्या सुमारे दुप्पट होता. माल थोडा आणि नाव मोठे, अशी स्थिती जेथे असते, तेथे नावाची चोरी ठरलेलीच. हापूसचा हंगाम आला की परराज्यातला आंबा ‘देवगड’ लिहिलेल्या पेटीत बसतो, हे आपण दरवर्षी पाहतो. दार्जिलिंगचे दुखणे नेमके तेच आहे.

यावर उपाय म्हणून टी बोर्डाने दार्जिलिंगचे नाव आणि चिन्ह यांची नोंदणी केली. भौगोलिक मानांकनाचा कायदा देशात लागू झाल्यावर २००४ साली नोंद झालेले भारतातील पहिले नाव दार्जिलिंग चहाचे आहे. आपल्या हापूसला हे मानांकन २०१८ साली मिळाले. २०११ मध्ये युरोपीय संघानेही दार्जिलिंगच्या नावाला संरक्षण दिले. ठरावीक ८७ मळ्यांत पिकलेला आणि तेथेच तयार झालेला चहाच या नावाने विकता येतो.

कायदा झाला, पण डोंगराला कायद्याची रेषा दिसत नाही. सीमेपलीकडे नेपाळचा इलाम जिल्हा आहे. तेच धुके, तसाच उतार, पुष्कळशी तीच जात, आणि झुडपे तरुण. तेथील चहा चांगला असतो आणि स्वस्तही. त्याने स्वतःच्या नावाने यावे, यात कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु तो सीमा ओलांडतो आणि काही व्यापाऱ्यांच्या गोदामात त्याचे नाव बदलते. याने दार्जिलिंगचे नुकसान होते, ग्राहकाची फसवणूक होते आणि इलामच्या शेतकऱ्याचे श्रेयही बुडते. एका खोट्या शिक्क्याने तिघांचे देणे थकते.

२०१७ चे साल या डोंगराला विशेष जड गेले. स्वतंत्र गोरखालँड राज्याच्या मागणीसाठी जूनमध्ये सुरू झालेला बंद १०४ दिवस चालला. दुसऱ्या बहराचा ऐन हंगाम हातचा गेला, झुडपे माणसाच्या उंचीच्या वर वाढली, मळ्यांत तण माजले. त्या वर्षीचे उत्पादन बत्तीस लाख किलोंच्या आसपास घसरले. परदेशी ग्राहक थांबले नाहीत. त्यांनी दुसरीकडचा माल घेतला, आणि त्यांतील काही परत आलेच नाहीत. त्यात हवामानाने आपले रंग बदलले आहेत. हिवाळी पाऊस लांबतो आणि पहिला बहर कोरडा जातो. मग पावसाळ्यात एका दिवसात इतके पाणी कोसळते की उतारच्या उतार झुडपांसकट खाली येतात. जुनी झुडपे उपटून नवी लावायची, तर भरपूर उत्पन्न येईपर्यंत पाच-सहा वर्षे थांबावे लागते. ती वाट पाहण्याची ताकद प्रत्येक मालकात नाही. काही मळे बंद पडले, काही वारंवार हात बदलतात.

चिन्हावरची स्त्री

अस्सल दार्जिलिंग चहाच्या डब्यावर टी बोर्डाचे एक गोल चिन्ह असते. त्यात एका स्त्रीची बाजूने दिसणारी आकृती आहे आणि तिच्या हातात चहाची पाने आहेत. चिन्ह योग्यच निवडले आहे, कारण मळ्यांतील कायम कामगारांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत आणि खुडणीचे काम तर जवळजवळ सर्वस्वी त्यांचेच. पन्नास हजारांहून अधिक माणसांना हे मळे कायम काम देतात आणि हंगामात त्यांत आणखी हजारोंची भर पडते.

परंतु ज्या स्त्रीच्या चित्रावर चहाची पत उभी आहे, तिच्या पदरात काय पडते? पश्चिम बंगालच्या चहामळ्यांत २०२३ साली दिवसाची मजुरी २५० रुपये झाली. त्याआधीच्या वर्षी ती २३२ रुपये होती. कायद्याप्रमाणे राहण्यास घर, दवाखाना, मुलांसाठी पाळणाघर अशा सोयी देणे मालकावर बंधनकारक आहे. काही मळे त्या निष्ठेने देतात, काही ठिकाणी त्या कागदावरच आहेत. ज्या घरात चार पिढ्या नांदल्या, त्या घराखालची जमीन मात्र कुटुंबाची नसते. घरातील कोणीतरी मळ्यात काम करीत राहिले, तरच घर टिकते. याच डोंगरातील उत्तम चहा किलोला कित्येक हजार रुपयांना विकला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे ही तफावत अधिक टोचते.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. उत्पादन थोडे, खर्चाचा सर्वांत मोठा भाग मजुरीचा, आणि हजारोंचा भाव मिळतो तो पहिल्या दोन बहरांच्या निवडक मालाला. पावसाळी चहा अनेकदा खर्चाच्या खालीच जातो. हे खरे आहे. परंतु हेही खरे, की मळ्यांतील तरुण मुले-मुली आता टोपली उचलायला तयार नाहीत. ती दिल्ली, बंगळुरू, कोलकाता येथे हॉटेलांत, दुकानांत आणि सुरक्षारक्षक म्हणून कामे शोधतात. सकाळच्या हजेरीला पूर्वीइतके हात उभे राहत नाहीत. बोटांतले कौशल्य आईकडून लेकीकडे आपोआप जात असे, ती साखळी तुटू लागली आहे. झुडपे जुनी झाली तर नवी लावता येतील. पण कळी पाहून तोडणारे हात एकदा डोंगर उतरले, की ते परत आणणे कठीण.

आपल्या घरी, आपल्या हाती

इतक्या दूरच्या डोंगरासाठी आपण काय करणार, असे कोणी विचारील. उत्तर लहान आहे, पण निरुपयोगी नाही. आपण पाहून विकत घ्यावे आणि समजून प्यावे.

घेताना डब्यावर टी बोर्डाचे गोल चिन्ह आहे का, ते पाहावे. मळ्याचे नाव, बहर आणि वर्ष लिहिलेले असेल तर उत्तम. ज्याला आपल्या मालाचा अभिमान आहे, तो ते लिहितोच. ‘दार्जिलिंग मिश्रण’ किंवा ‘दार्जिलिंगच्या चवीचा’ असे मोघम शब्द असतील, तर सावध व्हावे. आणि भाव फारच स्वस्त असेल, तर हिशेब करावा : वीस हजार कोंब, एक रात्र, उतारावरचा एक दिवस. एवढ्या कष्टाचा माल त्या किमतीत कसा येईल? स्वस्ताईचा आनंद घेताना ती कोणाच्या पदरातून आली, हा प्रश्न विचारणे हा व्यवहारातला विवेकच आहे.

करताना मात्र आपली नेहमीची रीत थोडी बाजूला ठेवावी. एका कपाला एक सपाट चमचा, सुमारे दोन-अडीच ग्रॅम, पाने घ्यावीत. पाणी ताजे घ्यावे. त्याला उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबावे. चिनी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात पाने घालून त्यांवर ते पाणी ओतावे आणि वर झाकण ठेवावे. पहिल्या बहराच्या चहाला अडीच ते तीन मिनिटे, दुसऱ्या बहराच्या चहाला तीन ते चार मिनिटे पुरतात. मग लगेच गाळून घ्यावा. पाने पाण्यातच राहिली, तर चहा कडवट होतो. उकळू मुळीच नये, कारण जो गंध डोंगराने आणि कारागिराने पानात कोंडला, तो वाफेबरोबर निघून जातो. दूध घालू नये. साखरेची सवय असेल, तर पहिले दोन घोट तरी तिच्याविना घेऊन पाहावेत. चांगली पाने दुसऱ्यांदाही पाणी धरतात. त्या वेळी मिनिटभर अधिक ठेवावे. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि तो मसाल्यांपासून, उन्हापासून व ओलीपासून दूर राहावा. हिंगाच्या शेजारी ठेवलेला दार्जिलिंग चहा दार्जिलिंगचा राहत नाही.

आपला सकाळचा दुधाचा चहा सोडण्याचे काहीच कारण नाही. त्याची जागा वेगळी, त्याचे सुख वेगळे. पण दुपारी चारच्या सुमारास, घरातली धावपळ थोडी शांत झाली असताना, या चहाला एक वेळ द्यावी. पेला उजेडाकडे धरावा, रंग पाहावा, आधी वास घ्यावा आणि मग घोट.

फळीवर मागे सरकवलेला तो डबा अजून घरात असेल, तर या आठवड्यात बाहेर काढा. त्यावरचे ते गोल चिन्ह मुलांना दाखवा आणि त्यातली बाई कोण, हे त्यांना सांगा. पुढच्या वेळी कोणाला भेट द्यायची झाली, तर नाव पाहून, मळा पाहून, खऱ्या भावाने घेतलेला डबा द्या, आणि चहा कसा करायचा ते एका चिठ्ठीवर लिहून त्यात ठेवा.